अम्मीला फ्लॅश चालत नाही

मेमरी कार्ड भरलं की फॉरमॅट मारता येतं. डोक्यात साठलेल्या किश्श्यांचं काय करायचं, देव जाणे! मालेगावात मी आणि सलीमभाई मिळून फोटो स्टुडिओ चालवतो, आणि सवड मिळाली की रानातल्या जनावरांचे फोटो काढत हिंडतो. अर्धं आयुष्य अंधुक उजेडात, श्वास रोखून कॅमेरा धरण्यात गेलं. थकलो राव!

कॅमेऱ्याची तिपाई आम्ही नेत नाही. सलीमभाई म्हणतो, "तिपाई उभी करेपर्यंत रोही पार केनवड गावाले पोचते!" रोही म्हणजे नीलगाय. ती निघते तिन्हीसांजेला, तेव्हा उजेड संपलेला. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चढवायचा, फोटोत रव्यासारखे दाणे आले तरी.

त्यात सलीमभाईला एकच घोर. गावातल्या साऱ्या नवरदेवांचे फोटो काढले, पण स्वतःच्या म्हाताऱ्या अम्मीचा एक धड फोटो नाही. आणि अम्मीची तब्येत रोज उतरत चाललेली.

* * *

मेडशीजवळ सांजवेळी तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काळंभोर काहीतरी बसलेलं दिसलं. सलीमभाई कुजबुजला, "अस्वल हाय! हलू नको."

आयएसओ बारा हजार आठशे. दोघंही चिखलात पालथे. अस्वल मोठं गुणाचं, जागचं हलेना!

शेवटी अस्वलच बोललं, "झाले काय फोटो? पायाले मुंग्या आल्या ना माह्या!"

शेताचा मालक घोंगडं पांघरून राखणीला बसला होता. आपलाच फोटो काढून राह्यले म्हणून बिचारा थांबलेला. वर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणाला.

* * *

पहाटे काळवीट समोर आलं. हात हलू नये म्हणून सलीमभाईनं श्वास इतका रोखला, की चक्कर येऊन मटकन खाली बसला.

"पयालं काय रे?" डोळे उघडत त्यानं विचारलं.

"नाही. थांबून तुलेच पाहून राह्यलं!"

* * *

धनजचं लग्न. गोरज मुहूर्त आणि नेमकी लाइट गेलेली! फ्लॅशही मेला. आयएसओ चढवून उरकलं. अल्बम घेऊन नवरदेवाची आई स्टुडिओत हजर.

"काहो, सुनेच्या तोंडावर एवढे तीळ कुठून आले? पाहाले गेलो तवा तं एकही नोता!"

"काकू, ते अंधारामुळं आलेले दाणे होत."

"मंग माह्या पोराच्या तोंडावर काहून नाहीत?"

आता काय सांगू! पोरगा अख्खं लग्न तोंडाला रुमाल लावून उभा होता.

* * *

डोळ्याच्या ऑपरेशनपासून अम्मीला फ्लॅश सोसत नव्हता. घरात खिडकी एकच, तीही बोळीकडे. दर जुम्म्याला नमाज झाली की सलीमभाई अम्मीला खाटेवर बसवायचा, आयएसओ होता तेवढा चढवायचा. दर वेळी फोटो हललेला.

त्या जुम्म्याला मी तिथंच होतो. सलीमभाई वैतागला, "अम्मी, हिलो मत ना!"

"मैं कहाँ हिल री? तेराच हात हिल रा!"

खरंच थरथरत होता. अम्मी खाटेवरून उठली, हळूहळू भिंत धरत त्याच्याजवळ आली. दोन्ही हातांनी त्याचं कोपर खालून घट्ट धरलं.

"ले, अब निकाल."

मी तोंड उघडणार होतो. सलीमभाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बटन दाबलं.

महिन्याभरात अम्मी गेली. तो फोटो मोठा करून त्यानं स्टुडिओत लावला. खाट, घडी केलेली गोधडी, उशाशी चष्मा. एकदम शार्प.

गिऱ्हाईक विचारतं, "सलीमभाई, रिकाम्या खाटेचा फोटो कायले लावला?"

"अम्मीचा हाय," सलीमभाई म्हणतो.