नदीपात्रातला भात

"हा भात कोणी टाकला?" ग्रॅहमनं विचारलं.

तो नदीपात्रातल्या गोट्यांवर उकिडवा बसला होता. समोरच्या सपाट दगडावर चार-पाच शितं चिकटलेली होती, त्यात काळे तीळ. बाकी सगळं साफ. वर तीन ब्लॅक-बॅक गल घिरट्या घालत होते. हे आपल्या घारीएवढे दांडगे समुद्रपक्षी, काळी पाठ, पिवळी चोच आणि वागणूक आमंत्रण नसताना पंगतीत बसणाऱ्यांची. एकाला कुठं खायला मिळालं की दुसऱ्या दिवशी चौघं हजर.

ग्रॅहमला ते तीळ म्हणजे कसल्यातरी बिया वाटल्या. भातात काळे तीळ कशासाठी कालवतात हे मला मात्र कोणी सांगायला नको होतं.

तेव्हा मी एका संस्थेत टीम लीडर होते आणि ग्रॅहम कॅम्पचा प्रमुख. संस्थेचं काम म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन कॅम्प भरवणं. मी मूळची पुण्याची, एम.एस्सी. बॉटनी. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला आले आणि शेवटी तण उपटण्यात रमले. जर्मनी, कोरिया, फ्रान्स, कुठून कुठून माणसं यायची. स्वतःचं विमानाचं तिकीट काढून यायची, मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या शेडमध्ये दोन आठवडे झोपायची आणि परक्या देशातलं गवत उपटून परत जायची. "आणि वर पैसेही तेच देतात?" असं माझ्या सासूबाई अजून विचारतात.

आमची नदी 'ब्रेडेड रिव्हर' होती. म्हणजे एक प्रवाह नाही, वेणीच्या पेडांसारखे दहा-बारा प्रवाह एकमेकांत शिरतात, सुटतात, आणि मध्ये गोट्यांची बेटं राहतात. त्या उघड्या गोट्यांवर सुरय पक्षी अंडी घालतात. इंग्रजीत टर्न. करडं अंग, काळी टोपी, नारिंगी चोच. घरटं म्हणायला काही नाही, गोट्यांत जरा खळगा केला की झालं. बेटावर ल्युपिन नावाचं फुलांचं तण माजलं की त्यांना जागा उरत नाही, शिवाय झाडोऱ्यात मांजरं आणि स्टोट, म्हणजे मुंगसासारखा एक चोरटा प्राणी, लपून बसतात. टुरिस्ट लोक त्या जांभळ्या ल्युपिनसमोर फोटो काढतात आणि आम्ही ते मुळासकट उपटतो. नोव्हेंबरात, पक्षी अंड्यांवर असताना, त्यांच्या बेटापासून लांब राहून बाकीची बेटं साफ करायची.

यात पहिला नियम एकच. नदीपात्रात खायचं काही टाकायचं नाही. पावाचा चुरासुद्धा नाही. कारण चुऱ्यामागे गल येतात, आणि आले की सुरयची अंडी-पिल्लं वेचून खातात. पहिल्या दिवशीच्या इंडक्शनमध्ये हे ग्रॅहम इंग्रजीत सांगायचा. २०१४च्या त्या कॅम्पात ते मी मराठीतही सांगितलं होतं, एका माणसासाठी.

तो माणूस म्हणजे पाटणकर काका. सांगलीचे. साखर कारखान्यात केमिस्ट होते, रिटायर झालेले. त्यांचा मुलगा अनिकेत ख्राइस्टचर्चला इंजिनियर होता आणि दोन सीझन शनिवार-रविवारी आमच्याकडे यायचा. हसरा, बडबड्या, कामाला वाघ. "ताई, तुमचा पोहे-कॅम्प कधी आहे?" असं विचारायचा, कारण रविवारी मी सगळ्यांना पोहे करायचे. आदल्या वर्षी नोव्हेंबरातच गाडीच्या अपघातात तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. त्याला सांगलीला पाठवायच्या कागदपत्रांवर सह्या करायला मी गेले होते. त्याबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा काकांचा फोन आला. "तुमच्या कॅम्पला वयाची अट आहे का?"

"नाही काका. पण काम अंगमेहनतीचं आहे."

"गुडघा दुखतो जरा. बाकी ठीक आहे. अनिकेतचं राहिलेलं काम करावं म्हणतो."

मी त्यांना एअरपोर्टवरून आणलं. वाटेत रिकार्टनच्या इंडियन दुकानात थांबू या म्हणाले. तांदूळ आणि काळे तीळ घेतले. मी म्हटलं, कॅम्पात जेवण असतं काका. ते म्हणाले, असू दे गं. मला वाटलं, पथ्यपाण्याचा माणूस असेल.

गुडघ्यामुळे त्यांना तण उपटायला नाही लावलं. काठावर आमची एक दुर्बीण असते, तिपाईवर बसवलेली. तिच्यातून समोरच्या बेटावरची घरटी बघायची, नर-मादी अंड्यांवरची पाळी कधी बदलतात, गल कधी येतात ते सांगायचं. काकांना सात नंबरचं घरटं दिलं. माणूस असा काही चिकटला त्या दुर्बिणीला की जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. आणि नियमाला एकदम पक्का. लेना म्हणून जर्मन मुलगी होती, तिच्या सँडविचचा कडेचा तुकडा खाली पडला तर यांनी उचलून खिशात टाकला.

"अनिकेत फोनवर सांगायचा," ते एकदा म्हणाले, "बाबा, इथं एक शीत टाकलं तरी पाप आहे."

एका संध्याकाळी चहा पिताना त्यांनी मला खरं सांगितलं. दहाव्याला कृष्णाकाठी कावळा शिवला नाही. पिंड ठेवून सगळे उभे. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. आपल्याकडे मग गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून कबूल करतात. आईनं सांगितलं, बहिणीचं लग्न थाटात करू. काकांनी सांगितलं, तुझं कर्ज फेडू. मामा, आत्या, ज्याला जे सुचेल ते तो बोलला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"हिनं तेव्हापासून धड जेवण केलेलं नाही," काका म्हणाले. "म्हणते, आईबाप असून पोराच्या मनातलं ओळखता आलं नाही. मग मला आठवलं, शेवटच्या फोनवर तो या पक्ष्यांबद्दलच बोलत होता. या सीझनला पिल्लं बघायचीच म्हणाला होता. म्हणून आलो."

"पिल्लं येतील काका, दोन-चार दिवसांत," मी म्हटलं.

आणि आली. सात नंबरला दोन. काकांनी दुर्बिणीतून मला दाखवली. गोट्यांच्याच रंगाचे दोन गोळे, हलले म्हणून दिसले. काका चष्मा काढून पुसत बसले. दुसऱ्या दिवशी अनिकेतचं वर्षश्राद्ध होतं, तिथीनं. ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही तिथी-बिथी बघत नाही.

त्याच सकाळी ग्रॅहम आणि मी त्या दगडापाशी उभे होतो. तेवढ्यात काका काठावरून येताना दिसले. अंघोळ केलेली, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा मोकळा मी पाहिला नव्हता.

"वैशाली, शिवला गं," ते म्हणाले. "ठेवला आणि चार पावलं मागे झालो, तोच आला. इथं कावळे नाहीत हे माहीत होतं मला. पण काळी पाठ होती त्याची. सगळा खाल्ला. त्याला पिल्लंच बघायची होती गं, बघितली ना आपण काल." आणि रडायला लागले.

"काय म्हणतोय तो?" ग्रॅहमनं विचारलं.

मी सांगितलं. याचा मुलगा, तो अनिकेत, त्याचं आज वर्ष. यानं त्याच्यासाठी भात रांधला होता. तो म्हणतोय, मुलगा जेवला.

ग्रॅहम अनिकेतला ओळखत होता. त्यानं टोपी काढली, परत घातली आणि बेटाकडे वळला. मग हळूच म्हणाला, "आणि सात नंबर?"

गल बेटावर उतरले होते. दुर्बिणीतून बघायची गरजच नव्हती. सुरय पक्षी वरून किंचाळत त्यांच्या डोक्यावर झेपा घेत होते. आम्ही टाळ्या वाजवत, ओरडत पाण्यात शिरलो. पोचेपर्यंत सात नंबर रिकामं होतं, शेजारचं नऊ नंबरही.

परत आले तर काका दुर्बिणीपाशी उभे होते. त्यांनी सगळं बघितलेलं होतं.

"मी केलं ना हे?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला दोन सेकंद होते माझ्याकडे. गल रोजच येतात काका, असं म्हणता आलं असतं. पण हा माणूस केमिस्ट होता, आणि आठवडाभर गल कधी येतात हेच तर मी त्याला बघायला बसवलं होतं.

"हो काका."

"मला नियम माहीत होता गं."

"माहीत आहे."

"पण ते खाणं नव्हे ना. तो पिंड आहे." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "खाणं म्हणून कोण बघतं त्याच्याकडे?"

खरं सांगू, मीही बघितलं नसतं. आपल्याकडे पिंडाला कोणी अन्न म्हणत नाही. हा उरलेल्या तुकड्यांचा नियम, आणि पिंड काही उरलेला तुकडा नव्हे. तीळ घेताना मी शेजारी उभी होते, तरी डोक्यात आलं नाही.

प्रोटोकॉल असा होता की पात्रात अन्न टाकणाऱ्याला त्याच दिवशी कॅम्पातून घरी पाठवायचं. ग्रॅहम कडक माणूस, त्यानं एका फ्रेंच मुलाला केळ्याच्या सालीवरून पाठवलेलं मी पाहिलं होतं.

"त्याला पाठवावं लागेल," तो म्हणाला.

"पाठव," मी म्हटलं. "पण तू सांग त्याला. मी ट्रान्सलेट करणार नाही."

ग्रॅहमनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "त्याला काय करायचंय ते तरी विचार."

मी विचारलं. काका म्हणाले, "राखण करतो. आता ते रोज येणार. ज्वारीवर पाखरं यायची तेव्हा लहानपणी केलीय मी. दगड नाही मारणार. नुसता बसतो."

आणि बसले. ग्रॅहमनं त्यांना केशरी जॅकेट दिलं आणि बेटापासून लांब, गल ज्या बाजूनं यायचे तिथं, एक खुर्ची टाकून दिली. उजाडल्यापासून काका तिथं. गल दिसला की उपरणं हवेत फिरवायचे आणि खळ्यावरची आरोळी द्यायचे, "हाऽऽ हुर्रर्र". पहिल्या दिवशी कोरियन मुलींना हसू आलं. मग लेनानं त्यांना काय झालंय ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पाळीपाळीनं काकांच्या शेजारी बसून हुर्रर्र करायला लागल्या. कावळ्याची वाट बघत वर्ष काढलेला हा बाप, आता पाखरं हाकत होता. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी लांबच्या बेटावर ल्युपिन उपटत बसायचे.

चारेक दिवसांनी गल यायचे थांबले. बाकीची घरटी टिकली. त्यातल्या काही पिल्लांना नंतर पंख फुटले असं ग्रॅहमनं कळवलं. सात नंबरची जोडी मात्र एक दिवस त्या खळग्यावर घिरट्या घालत राहिली आणि मग निघून गेली. पुन्हा तिथं बसली नाही.

मी काकांना एअरपोर्टला सोडलं. चेक-इन झालं, कॉफी घेतली. न राहवून विचारलं, "काकूंना काय सांगणार?"

"शिवला म्हणून सांगणार. ते खरंच आहे."

"आणि पुढचं?"

"पुढचं नाही सांगायचं. ती जेवायला लागेल गं आता." त्यांनी कप खाली ठेवला. "दोघांनी कशाला उपाशी राहायचं?"

काकू त्यानंतर तीन वर्षं होत्या. काका फोनवर म्हणाले, शेवटपर्यंत व्यवस्थित जेवल्या. त्या आता नाहीत, आणि काकांनी परवानगी दिली, म्हणून हे लिहिते आहे. त्यांचं स्वतःचं जेवण कसं चाललंय ते मी विचारत नाही.

पुढच्या सीझनपासून इंडक्शनमध्ये मी एक वाक्य वाढवून घेतलं. चिप्स, पाव, फळांच्या साली यांच्यानंतर मी म्हणते, "आणि गेलेल्या माणसासाठी काही ठेवायचं असेल तर तेही इथं नाही. मला सांगा, मी जागा दाखवते." सगळे जरा बावचळतात. पण जवळजवळ प्रत्येक कॅम्पात कोणीतरी एक जण, कधी जपानी, कधी मेक्सिकन, नंतर हळूच येऊन विचारतो, जागा कुठं आहे. नदीपासून लांब, माझ्या घरामागच्या अंगणात एक सपाट दगड आहे. तिथं चिमण्या येतात, मॅगपाय येतात, गलही येतो. काय खायचं ते खाऊ देत.

आमचा नियम जिवंत माणसांच्या डब्यांचा विचार करून लिहिलेला होता. गेलेल्यांचंही जेवण असतं हे लिहायचं राहिलं होतं. एका ओळीचं काम होतं.