सुक्या मासळीचं पान

दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसणारं माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझ्या मैत्रिणीची आत्या. बाकी आम्ही सगळे एकाच वेळी बोलतो. भाजीवाल्याशी हिंदीत, शेजाऱ्याशी गुजराती मिसळून आणि घरच्यांशी ओरडून. आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली होती. ती निवृत्त झाली, पण तिच्या कानावरचा हेडफोन काही उतरला नाही. भाईंदर पश्चिमेला तिच्या सोसायटीची मीटिंग असली की पाण्याच्या टाकीवरून जो गलका व्हायचा, त्यात ती मधोमध खुर्ची टाकून बसायची आणि लाइनी जोडून द्यायची. "बी विंग, बोला. शाहभाई, आप होल्ड पे हो. अहो परब, तुमचा कॉल झाला, आता ठेवा." आणि शाहभाई खरोखर होल्डवर थांबायचे! स्वतःच्या घरात ती स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार वाजवून आत जायची. घरात कुणी नसायचं, तरीही. मी एकदा हसले तर म्हणाली, "सवय मोडली की मोडते गं. मग लोकांच्यातही मोडते."

माझं घडणं याच्या अगदी उलट. माझे वडील कामगार संघटनेचे. मुळाक्षरं मी पत्रकांवरच गिरवली. थांबणं म्हणजे हार मानणं, हे मला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. त्या दिवसांत आम्ही काही जणांनी आपल्या भागाची एक वेबसाइट सुरू केली होती. मिठागरं, तळी, पेणकरपाड्यासारखे जुने पाडे, सगळं टॉवरांखाली जायच्या आत लिहून ठेवायचं. कुणीही यावं, कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. ना संपादक, ना मालक. मी मीरा रोडच्या पूनम सागर वस्तीतल्या माझ्या घरातून या साइटला क्रांती म्हणत होते. आत्या तिला पार्टी लाइन म्हणायची. पूर्वी दोन-तीन घरांत मिळून एकच टेलिफोन लाइन असायची, तसं.

लिहायला बसली की आधी ती पानाच्या डोक्यावर पाटी लावायची: "आत्या बोलत आहेत. कृपया थांबावे." पाटी लावून खाली कोथिंबीर आणायला जायची, तिथे कुणी भेटायचं, आणि पान दुपारभर थांबून राहायचं. मी त्या पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर उद्गारचिन्हांसकट जाहीरनामा टाकला: पान जनतेचं आहे, त्याला कुलूप घालायचा अधिकार कुणालाही नाही! आत्याने खाली एका ओळीत उत्तर दिलं, "कुलूप नाही गं, पाटी आहे. चहाला ये." मी गेले. तिच्याशी भांडायला गेलं की पोट भरून परत यावं लागायचं, हा तिचा सगळ्यात संतापजनक गुण होता.

पाटीचं कारण तिच्या दृष्टीने साधं होतं. एकाच पानावर दोघं एकाच वेळी लिहू लागले तर ज्याने आधी जतन केलं त्याचं राहायचं आणि मागून येणाऱ्याला पडद्यावर निरोप दिसायचा: तुम्ही लिहीत असताना दुसऱ्या कुणीतरी हे पान बदललं आहे. खाली दोन चौकटी. वरच्या चौकटीत त्याचं, खालच्या चौकटीत आपलं. दोन्ही वाचून नीट जुळवायचं आणि मग जतन करायचं. आम्हा सगळ्यांना या निरोपाचा राग यायचा. आत्याला मात्र तो दिसला की ओशाळल्यासारखं व्हायचं, कुणाच्या घरात जेवणाच्या वेळी शिरल्यासारखं.

आणि नेमकी तिच्याच हातून चूक झाली. एका रविवारी ती 'सुकी मासळी' या पानावर लिहीत होती. बोंबील घरी आणल्यावर कसे ठेवायचे, पावसाळाभर कसे टिकवायचे, हा तिचा विषय. या विषयावर आपल्याखेरीज आणखी कोण लिहिणार, म्हणून त्या दिवशी पाटीही लावली नव्हती. जतन करायला गेली तर निरोप आला. तिचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं आणि ती तार हवी तेव्हा दगा द्यायची. लाइन पडेल या भीतीने तिने घाईघाईत खालची चौकट उचलून वर ठेवली आणि बटण दाबलं. वरच्या चौकटीत जे होतं ते सगळं गेलं. ते 'उत्तनकर' या नावाने लिहिणाऱ्या कुणाचं तरी होतं. संध्याकाळी चर्चेच्या पानावर त्याचे शब्द होते: "दुपारभर बसून लिवलं. तुमी पुसलंत. आता तुमचं तुमीच लिवा. मी न्हाय."

मला यात काहीच अवघड वाटलं नाही. साइट प्रत्येक पानाची जुनी रूपं जपून ठेवायची. मी एका क्लिकमध्ये आत्याचं काढून त्याचा मजकूर परत आणला आणि आत्याला फोन केला. "झालं, आला परत."

"कोण आला?"

"मजकूर."

"मजकूर आला गं. माणूस कुठे आला?"

माणूस आलाच नाही. आत्याने माफी मागितली, उत्तर नाही. तिने स्वतः लिहिणं थांबवलं. ज्याचा कॉल आपण तोडला तो पुन्हा जोडून दिल्याशिवाय आपण बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. मी सुचवलं की आपण जाहीर आवाहन काढू, 'लेखकांनो, परत या!' तिने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. "एकाच माणसाला बोलवायचंय ना? मग पत्रक कशाला, बसने जाऊ."

समुद्राकाठच्या उत्तनला बसमधून उतरल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आत्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होती, "अहो, कम्प्युटरवर सुक्या मासळीबद्दल लिहितात ते कुठे राहतात?" पहिल्या दोघी हसल्या. तिसरीने मात्र हात पुसले. "तो बर्फाच्या कारखान्यातला असंल. रविवारी चर्चात मिसा झाली का सायबरमदी जाऊन बसते. आयशीला इचारते न् लिवते."

तिने दाखवलेल्या घरी गेलो तर चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस दारात आला. आत खाटेवर त्याची म्हातारी आई बसली होती. आत्या उंबऱ्याबाहेरच थांबली. "मी ती भाईंदरची. टेलिफोनवाली. इतकी वर्षं नोकरी केली, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं नाही. तुमचं तोडलं."

तो उंबरा ओलांडून बाहेर आला. "तुमी बाय हाव व्हय? मना वाटलं, भायंदरच्या लोकांनी मुद्दाम काढलं. आमचं कोन ठेवते?"

हे ऐकल्याबरोबर माझ्या आत सगळी पत्रकं एकदम फडफडली. शहर, गावठाण, कोण कुणाला पुसतंय! मी तोंड उघडलं. आत्याने माझं मनगट दाबलं. त्याला अजून बोलायचं होतं. आईला मासळी वाळवायचे बांबूचे मांडव बांधायची जुनी रीत ठाऊक आहे, तिचे डोळे गेलेत, ती सांगते तोवर लिहून घ्यायचंय, असं तो थांबत थांबत म्हणाला. मी मध्ये बोलले असते तर हे आम्हाला कळलंच नसतं. निघताना आत्याने विचारलं, "मग येणार ना पानावर?" तो म्हणाला, "बगू," आणि कागदात बांधून बोंबील दिले. परतीच्या बसमध्ये आमच्या आजूबाजूच्या जागा रिकाम्याच राहिल्या.

बरेच रविवार गेले. एका रविवारी मी आत्याकडे होते. तीच जागा, तेच पान. माझ्या आग्रहाखातर तिने बोंबील टिकवण्याचा तो परिच्छेद नव्याने लिहायला घेतला होता. चांगला जमला होता. तिने बटण दाबलं आणि निरोप आला. तुम्ही लिहीत असताना दुसऱ्या कुणीतरी हे पान बदललं आहे. वरच्या चौकटीत मांडवाच्या पहिल्या बांबूबद्दल दोन ओळी होत्या.

"आला!" आत्या इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या बाई दारात आल्या.

मी माऊसकडे हात नेला. दोघांचं जुळवायला मला क्षणभर लागला असता. तिने माझ्या हातावर चापट मारली. "थांब. बोलू दे त्याला." स्वतःचा परिच्छेद तिने तसाच सोडून दिला, जतन न करता, आणि पान पुन्हा पुन्हा नव्याने उघडत बसली. तो आता सावध झाला होता, दर दोन ओळींनी जतन करत होता. प्रत्येक वेळी दोन ओळी वाढायच्या आणि आत्या मान हलवायची, फोनवर कुणी दूरचं बोलत असल्यासारखी. पलीकडे एक म्हातारी सांगत होती आणि मुलगा एकेक अक्षर शोधत होता. इकडे चहा निवत गेला.

आता आत्या नाही. साइटवर फारसं कुणी येत नाही, पण ते पान आहे. बांबू कसे रोवायचे, दोऱ्या कशा ताणायच्या, बोंबील जोडीने कसे अडकवायचे, सगळं त्यात आहे. घरी आणल्यावर ते कसे ठेवायचे, एवढंच नाही. तो परिच्छेद तिने पुन्हा कधी लिहिला नाही. मला ती रीत येते, तिनेच शिकवली. मध्यंतरी एकदा लिहायला बसलेही. पान उघडलं, कुणी लिहितंय का म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. कुणी नव्हतं. तरी बराच वेळ तशीच बसून राहिले.