गीतांजलीबाईंची नऊ वाचनालयं

खुशालराव रोज चांदूर बाजारच्या वाचनालयात पेपर वाचायला यायला लागले, तेव्हाच गीतांजलीबाईंना संशय आला होता. एरवी वाचनालयात माणूस आला तर आम्ही वाचनालयवाले त्याला खुर्ची पुसून देतो. पण खुशालरावांनी आयुष्यात सातबारा सोडून काही वाचल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. शिवाय दोनच महिन्यांपूर्वी त्यांची धाकटी मुलगी दामिनी जातीबाहेरच्या एका पोराशी लग्न करून निघून गेली होती. कुठे गेली ते कोणाला माहीत नव्हतं.

ते कोणाला काही विचारत नसत. दाराकडे तोंड करून बसायचे आणि पेपर मांडीवर उघडा ठेवायचे. येताना "रामराम मॅडम", जाताना "येतो मॅडम". त्यांची संत्र्याची बाग मोठी, गावात शब्दाला मान, वाचनालयाचे अध्यक्ष त्यांचे साडू. पुतण्याच्या लग्नात कोणीतरी दामिनीचं नाव काढलं, तेव्हा पंगतीत बसल्या बसल्या ते म्हणाले होते, "पोरगी आमच्यासाठी मेली. मयत उचलाची तेवढी बाकी हाय." पंगतीतला एकही माणूस हसला नाही. ते थट्टेत बोलत नव्हते हे सगळ्यांना कळलं होतं.

गीतांजलीबाई तिथल्या ग्रंथपाल आणि मी परतवाड्याचा. त्यांचं माहेर रिद्धपूरचं, महानुभावांचं, त्यामुळे फोन उचलला की हॅलोच्या जागी "दंडवत प्रणाम" म्हणायच्या, मग समोर अध्यक्ष असो की गॅसवाला. चाळिशी ओलांडलेली, किरकोळ बांध्याची, पण हट्टाला पेटली की एसटीसुद्धा थांबवील अशी बाई. आमच्या भागातल्या नऊ वाचनालयांची पुस्तकं एका सूचीत आणायचं खूळ त्यांच्याच डोक्यातून निघालं. वाचक कोणत्याही गावचा असो, कार्ड एकच. पुस्तक इथून न्या, तिथे परत करा. तुमच्या गावात नसेल तर मागणी नोंदवा, ज्या गावात असेल तिथून जीपवाल्याच्या किंवा कंडक्टरच्या हाती येईल आणि आलं की मोबाईलवर मेसेज पडेल.

मी विरोध केला होता. म्हटलं, "बाई, आपल्याकडे सामायिक म्हणजे दोन वावरांमधला धुरा, अन् धुऱ्यावर कुऱ्हाडी निघतात." त्यांनी मला चहा पाजला आणि माझ्याच कपाटातली पुस्तकं संगणकात चढवायला बसल्या. दोन वर्षं त्या गावोगाव हिंडल्या. मूर्तिजापूरच्या ग्रंथपाल मोतीरामला माउस धरायला शिकवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. पण सूची झाली. परतवाड्याची पोरगी दर्यापुरातून पुस्तक मागवायला लागली आणि मी तोंडघशी पडलो. मला त्याचा आनंदच झाला, हेही सांगून टाकतो.

त्या कामात बाईंनी एक नियम स्वतः घातला होता. पूर्वी सभासदांच्या वहीतून टवाळ पोरं मुलींचे मोबाईल नंबर टिपून घ्यायची आणि मग त्यांना रात्री-बेरात्री फोन करायची. एका मुलीचं शिक्षणच त्यापायी सुटलं. तेव्हा बाईंनी ठरवलं की मुलीच्या कार्डावर मुलीचा नंबर लिहायचाच नाही. बापाचा लिहायचा, नाहीतर भावाचा. गावातल्या आयांनी बाईंना दुवा दिला. नऊच्या नऊ वाचनालयांनी तो नियम उचलला. आमच्याकडे पोरीला जपायचं म्हणजे बापाच्या नावामागे ठेवायचं, त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी खुशालराव पेपर न उचलता थेट टेबलाशी आले आणि मोबाईल बाईंपुढे धरला.

"मॅडम, हे काय आलं पाहा बरं. माहा चष्मा घरी रायला."

मेसेज वाचनालयाचा होता. आपल्या कार्डावरील मागणी नोंदवली आहे, पुस्तक पोचल्यावर ठिकाण कळवू.

"कोन्त्या गावातून मागतलं हे?" खुशालरावांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"ते पुस्तक पोचल्यावरच दिसते," बाई म्हणाल्या. हे खोटं होतं. त्यांच्या पडद्यावर मूर्तिजापूर स्पष्ट दिसत होतं. कार्ड दामिनीचं होतं आणि पुस्तक होतं गरोदर बाईच्या आहाराचं, बाळाच्या निगेचं. नऊ वाचनालयांत मिळून त्याची एकच प्रत, तीही खुशालरावांच्या पाठीमागच्या कपाटात.

"मंग पाठवा नं लौकर," खुशालराव म्हणाले. "पोरगी वाचते तं वाचू द्या. आपन काहून अडवाचं?"

आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

दुपारी बाईंचा मला फोन आला. त्या दिवशी दंडवत नव्हता. "भाऊ, म्या त्या पोरीले फाशी देली," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी म्हटलं पोलिसांत सांगा. त्यावर चिडून म्हणाल्या, "काय सांगू? बाप वाचनालयात पेपर वाचते म्हनून?"

नंबर बदलला असता तर मेसेज थांबला असता, पण खुशालराव थांबले नसते. साडू अध्यक्ष, त्यांनी संगणक उघडून दाखवला असता. मागणी रद्द केली तर रद्द झाल्याचा मेसेज गावाच्या नावासकट जात होता. शेवटी बाईंनी एक युक्ती काढली. पुस्तक पोचवायचं ठिकाण बदलून परतवाडा केलं.

"बसू द्या त्याहीले तुमच्याइथी," त्या म्हणाल्या. "मी रविवारी मूर्तिजापूरले जातो. आधी सुट्टी घेतली तं त्याहीले संशय येईन. पोरीले स्वतःच्या तोंडानं सांगतो."

"मोतीरामले फोन करा की."

"मोतीरामच्या तोंडात तीळ भिजत नाही भाऊ. त्याले सांगतलं म्हनजे बस स्टँडावर भोंगा लावला."

हे खरं होतं. मोतीराम देवमाणूस, पण बोलका. म्हणून आम्ही त्याला काही कळू दिलं नाही.

पुस्तक जीपने आलं. मी ते पोचल्याची नोंद केली आणि मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायला गेलो, तर पायरीवर दामिनीचा भाऊ नितेश बसलेला. सोबत दोन माणसं, एक पांढरी गाडी. नितेश शिकलेला, संगणकाचा कोर्स केलेला, "नमस्कार काका" म्हणणारा. आत येऊन त्याने पेपर घेतला आणि दाराकडे तोंड करून बसला. अगदी बापासारखा.

आमच्याकडे पोरी गाडीवर येतात त्या तोंडाला ओढणी गुंडाळून. ऊन असो नसो, डोळे तेवढे दिसतात. त्या दिवसांत एकेक पोरगी आत यायची आणि नितेश पेपर खाली करायचा. ती ओढणी सोडेपर्यंत बघत राहायचा. मग पेपर वर. पोरींना कळायला लागलं. त्या यायच्या बंद झाल्या. अभ्यासिका ओस पडली आणि मी, ज्याने वर्षानुवर्षं गर्दी नाही म्हणून कपाळाला हात लावला, तो कोणी येऊ नये म्हणून देवाची करुणा भाकत बसलो. भीती वाटत होती, स्पष्ट सांगतो. पाणी प्यायला उठायचं तरी मी त्याच्याकडे पाठ करत नव्हतो.

रविवार यायच्या आधीच, शुक्रवारी, उन्हं वर आल्यावर नितेशचा फोन वाजला. बापाचा असावा, कारण "हो बाबा, हो बाबा" चाललं होतं. व्हरांड्यात बोलून तो आत आला. पेपरची घडी नीट घालून जागेवर ठेवली.

"येतो काका," तो म्हणाला. "ते पुस्तक ठेवू नका आता. गरज नाही पडनार."

गाडी दर्यापूरच्या रस्त्याला लागली, त्याच रस्त्याने पुढे मूर्तिजापूर. मी बाईंना फोन केला. बाईंनी मोतीरामला केला आणि मला जोडून घेतलं. मोतीरामचा आवाज आनंदाने फुललेला होता.

"दंडवत ताई! तुमचं काम केलं पाहा म्या. ते पुस्तक चुकून परतवाड्याले गेलतं. मले दिसलं नं सिस्टीममंधी. पोरगी बिचारी दोन जिवाची, दोनदा विचाराले आली. म्हनलं काहाले तरास? कार्डावरच्या नंबरवर फोन केला, माफी मागतली. म्हनलं मूर्तिजापूरले मागवून देतो, पोरगी स्टेशनामागंच राहते. लय भला मानूस हाय तो. म्हने, तुमी राहू द्या, आमीच आनून देतो."

 बाईंनी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

मोतीराम वाचनालय तसंच उघडं टाकून धावला. पोट सुटलेला, साठीला टेकलेला माणूस, स्टेशनामागच्या गल्लीत धापा टाकत पोचला. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, काल संध्याकाळीच गेले दोघं. पोराला मोबाईलच्या टॉवरवर काम मिळालं, दुसऱ्या जिल्ह्यात. कुठे ते तिला माहीत नव्हतं. नवा नंबरही त्यांनी दिला नव्हता. थोड्या वेळाने पांढरी गाडी त्याच गल्लीत आली, उभी राहिली आणि निघून गेली. मोतीराम समोरच्या दुकानाच्या फळीवर बसून रडत होता.

दामिनी वाचली. पण कशामुळे वाचली हे तिला माहीत नाही, आणि कशामुळे सापडली असती हेही माहीत नाही. तिच्या लेखी वाचनालय म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा.

बाईंनी त्याच आठवड्यात मेसेज बंद केले, दामिनीचं कार्ड मिटवलं. मला वाटलं, विषय संपला. खुशालराव पेपर वाचायला येतच राहिले. आणि होळीच्या सुमारास वाचनालयाच्या बैठकीत अध्यक्षांनी उठून जाहीर केलं की खुशालराव मोठ्या मनाने पुढे आले आहेत. नऊच वाचनालयं कशाला? अकोला, वाशिम, बुलडाणा, जिथे जिथे संगणक नाही तिथे ते घेऊन देणार. सगळी एका सूचीत आणायची. टाळ्या पडल्या. मी निमंत्रित म्हणून मागच्या रांगेत होतो, माझे हात मांडीवरच राहिले.

बाई उभ्या राहिल्या. हे त्यांचं स्वतःचं स्वप्न होतं, अर्ज करकरून थकल्या होत्या त्यासाठी.

"हे करू नका," त्या म्हणाल्या. "खुशालराव, तुमाले वाचनालय नाही पाह्यजे. तुमाले पोरगी पाह्यजे."

 खुशालराव शांतपणे म्हणाले, "माही पोरगी वाचनारी हाय मॅडम. लहानपनापासून. ते जाईन तठी वाचनालय पाहीनच."

अध्यक्ष म्हणाले, चहा घ्या.

पुढच्या महिन्यात बाईंना कामावरून कमी केलं. वय झालं, नवं यंत्र झेपत नाही, असं कारण दिलं. तेच यंत्र त्यांनी नऊ गावांना शिकवलं होतं! त्यांच्या खुर्चीत आता नितेश बसतो. काम चांगलं करतो, असं लोक सांगतात. नवीन कार्ड कोणत्याही गावी निघालं की नाव आधी त्याच्या पडद्यावर येतं. मी परतवाडा त्या सूचीतून बाहेर काढला, तर माझ्याच समितीने मला मागासलेला ठरवलं.

गीतांजलीबाई घरी बसल्या नाहीत. ज्या वाचनालयात संगणक पोचलेला नाही, तिथे त्या स्वतः जातात. एसटीने, जमेल तेव्हा, पदरमोड करून. तिथल्या ग्रंथपाल बाईला बाजूला घेऊन सांगतात, अशी अशी पोरगी आली, कडेवर लेकरू असलं, तर तिला पुस्तक द्या. हवं तितकं द्या. पण नाव लिहू नका. काही बाया मान डोलावतात, काही म्हणतात, नाव लिहिल्याशिवाय पुस्तक कसं द्यायचं? बाई वाद घालत बसत नाहीत. पुढच्या गावाची बस पकडतात. मी विचारलं, अशा किती गावांना पुरणार? म्हणाल्या, "त्याचा संगनक यायच्या आंगोदर जितक्यांले पोचीन तितक्यांले."

परवा त्यांचा वाशिमकडच्या एका गावातून फोन आला. वाचनालय छोटं, नदीकाठी, तिथली बाई साधी, ऐकून घेणारी. पण टेबलावर नवा कोरा संगणक होता. जिल्ह्यातून माणूस येऊन कालच लावून गेला होता आणि त्याच्यावर खुशालरावांच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती.

"मंग?" मी विचारलं.

"त्या बाईनं मले चालू करून दाखोला," गीतांजलीबाई म्हणाल्या. "म्हने, आज सकाळीच पयलं कार्ड काढलं. नव्यानं राह्याले आलेली पोरगी हाय. लेकरू घेऊन आलती."