उलटून न पाहिलेले पत्रे

वादळ केमन बेटांच्या दक्षिणेला आलंय असं रेडिओनं सांगितलं, तेव्हा ओब्दुलिया मार्रेरोनं पहिला संशय रेडिओवरच घेतला. निवेदक फार शांतपणे बोलत होता. हवामानवाले आवाज चढवून बोलले की वादळ भलतीकडे जातं आणि गोडीत आले की आपल्याच दारात येतं, असा तिचा पक्का अनुभव होता. टेबलावर शाळेतला जुना नकाशा पसरून ती दर बातम्यांनंतर काळ्या घेवड्याचा एक दाणा पुढं सरकवायची. दाणा वायव्येला निघाला होता. परसातलं अवोकाडो यंदा फांद्या मोडतील इतकं लगडलं होतं, आणि अवोकाडो उदंड आलं की वादळ ठरलेलं, हे ला ग्वासिमातलं शेंबडं पोरही सांगेल. पिनार देल रिओच्या त्या तंबाखूच्या मुलखात माणसं वादळांवरूनच वर्षं मोजतात.

पण रेडिओवरचा संशय तिला तोंडी लावण्यापुरताच होता. खरं जेवण कुंपणापलीकडे होतं. तिथं सिक्स्तो राहायचा.

सिक्स्तो तिचा कोंपाद्रे. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ओब्दुलिया आणि तिचा नवरा गुमे धर्माचे आईबाप म्हणून उभे राहिले होते. हे नातं एकदा जुळलं की मरेपर्यंत सुटत नाही. त्यात भांडायची मुभा आहे, पण अरे-तुरे करायची नाही. त्यामुळे ओब्दुलिया सिक्स्तोला कितीही पाण्यात पाहत असली, तरी बोलायची 'तुम्ही' म्हणूनच, आणि तोही तिला 'कोमाद्रे' म्हणताना टोपीला हात लावायचा. इतक्या अदबीनं चाललेलं वैर गावात दुसरं नव्हतं.

वैराचं कारण होतं छप्पर. मागच्या मोठ्या वादळात ओब्दुलियाच्या घरावरचे सगळे पत्रे उडाले. ती आणि गुमे ताडपत्रीखाली राहिले, एक नाही, दोन हिवाळे. गुमेची छाती भरली ती पुन्हा मोकळी झालीच नाही. तो गेला, आणि मग सरकारी पत्रे आले. याच काळात सिक्स्तोच्या डुकरांच्या गोठ्यावर मात्र चार जुने पत्रे चढले होते. मळ्यात पडलेले सापडले, असं तो म्हणायचा. गुमे आपल्या प्रत्येक पत्र्याच्या कडेला डांबरानं अक्षर काढायचा, पण ती कड नेमकी दुसऱ्या पत्र्याखाली झाकली जाते. खिळे काढून उलटल्याशिवाय दिसायची नाही. ओब्दुलियाला उलटायची गरज वाटली नव्हती. तिला माहीतच होतं. चार पत्रे घराला पुरत नाहीत, पण एका पलंगाला पुरतात, एवढं ती मनाशी म्हणायची आणि त्या गोठ्याकडे पाठ करून कपडे वाळत घालायची.

आता तिच्या डोक्यावरचे नवे पत्रे हीच तिची सगळी इस्टेट होती. हे गेले तर पुन्हा ताडपत्री, आणि या वयात ताडपत्रीखालून आपणही गुमेच्याच वाटेनं जाणार, हे ती धडधडीत बोलून दाखवायची.

ला ग्वासिमात वादळ पक्कं झालं की लोक आपलं छप्पर आपणच उतरवतात. वाऱ्यानं न्यायच्या आधी पत्रे काढायचे, आडवे रचायचे, वर ओंडके ठेवून दोरानं आवळायचे, आणि आपण स्लॅबच्या घरात जाऊन बसायचं. पंचाईत असते ती वेळेची. लवकर उतरवलं आणि वादळ वळलं, तर बिनछपराचं घर पावसात भिजतं आणि गाव हसतं. उशीर केला तर शिडीवर वाराच सोबत चढतो. म्हणून सगळे दुसऱ्याच्या शिडीवर डोळा ठेवून असतात. यंदा पहिली शिडी सिक्स्तोनं बाहेर काढली, आणि तीही स्वतःसाठी नव्हे. त्याचं घर स्लॅबचंच. शिडी खांद्यावर घेऊन तो ओब्दुलियाच्या फाटकाशी आला.

"कोमाद्रे, दाणा कुठवर आला?"

"तुमच्या कानावर आलाच असेल की."

"मग उतरवू या का? मी चढतो, तुम्ही खालून धरा. आणि पत्रे भुईखोपीत ठेवू. तिथून हलायचे नाहीत."

भुईखोप म्हणजे भिंती नसलेली झोपडी. ताडाच्या झावळ्यांचं छप्पर दोन्ही बाजूंनी थेट जमिनीत रोवलेलं, वाऱ्याला धरायला काही नाही. ही खोप गुमे आणि सिक्स्तोनं मिळून बांधली होती, पण उभी होती कुंपणाच्या पलीकडे, सिक्स्तोच्या जागेत. ओब्दुलियाला हसूच आलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायला ती काही खुळी नव्हती. तिनं शिडीबद्दल आभार मानले आणि फाटक लावून घेतलं.

दुपारी गावच्या समितीची सोराइदा घरोघर फिरत आली. कोण कुणाच्या घरी आसऱ्याला जाणार, हे ती ठरवायची, आणि तिच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. ओब्दुलियाच्या वाट्याला सिक्स्तोचं घर आलं. ओब्दुलियानं दुसरं घर मागितलं, गुडघ्याचं दुखणं पुढं केलं, शेवटी एकटीच मोरीत बसते म्हणाली. सोराइदा म्हणाली की मोरीत बसायचं तर सिक्स्तोच्या मोरीत बसा, फक्त तिथं त्यानं आधीच डुकरं बांधलीत.

ही डुकरांची गोष्ट ऐकून ओब्दुलियानं कान टवकारले. डुकरं घरात आणली, पण गोठ्यावरचे पत्रे? ते तसेच होते. अख्खं गाव कोंबड्यांच्या खुराड्यावरचा फुटका पत्रासुद्धा उतरवत होतं आणि हा शहाणा चार चांगले पत्रे वाऱ्यावर सोडतोय. कुठंतरी पाणी मुरत होतं. तिनं बराच विचार केला आणि उत्तर काढलं: याला दुसरे पत्रे मिळायची खात्री आहे. कुणाचे, ते सांगायला नको.

मग तिनं सहकारी संस्थेचे दोन गडी बोलावले. ते नदीपलीकडच्या वस्तीतले, म्हणजे बरे. त्यांनी पत्रे उतरवले, खिळे ठोकून सरळ करून डब्यात भरले, आणि रचायला लागले तेव्हा तिनं कॉफी पाजून त्यांना वाटेला लावलं. ते दिसेनासे झाल्यावर तिनं एकेक पत्रा ओढत मागच्या कोरड्या ओहोळात नेला. ओहोळ खोल, वारा वरून निघून जाईल. पत्रे तळाशी अंथरून तिनं वर धोंडे ठेवले, केळीची पानं पसरली. घामाघूम होऊन वर आली तर सिक्स्तो कुंपणाशी काहीतरी बांधत असल्यासारखा उभा होता.

"या वादळाला पाणी फार आहे म्हणतात," तो म्हणाला. "वाऱ्यापेक्षा पाण्याला भ्यावं, कोमाद्रे."

"मी कशालाच भीत नाही, कोंपाद्रे. फक्त नजर ठेवते."

ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा तिला चांगली ठाऊक होती. पत्रे कुठं ठेवले, हे तिच्याच तोंडून काढायचं होतं त्याला. तिनं ओहोळाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा ईशान्येकडून चढला. सिक्स्तोच्या घरात खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मोरीतून डुकरांची कुरकुर, आणि कंदिलाच्या उजेडात सिक्स्तोची बायको नेलिदा उकडलेली रताळी वाढत होती. कॉफीत साखर जास्त होती. साखरेच्या टंचाईत एवढी साखर कुणी उगाच घालत नाही, हेही ओब्दुलियानं मनात टिपून ठेवलं. बाहेर ताडांची डोकी मोडल्याचे आवाज येत होते. दर आवाजाला नेलिदा छातीवर क्रूस काढायची. ओब्दुलियाचं लक्ष सिक्स्तोवर होतं, आणि सिक्स्तो दारापाशी बसून, मान वाकडी करून काहीतरी ऐकत होता.

दुपारी जेवायच्या वेळेला वारा एकदम थांबला. फळ्यांच्या फटींतून ऊन आत आलं. हा वादळाचा डोळा, हे सगळ्यांनाच कळलं, आणि त्या शांततेत सिक्स्तो ऐकत होता ते ओब्दुलियालाही ऐकू आलं. ओहोळ वाहत होता.

ती उठली. सिक्स्तो दारात आडवा झाला. डोळा बारका आहे, वारा आता उलट्या बाजूनं येईल, जाऊ नका, असं त्याला सांगायचं होतं. पण तिच्या मनात पहिलं आलं ते हेच की मी बाहेर काही पाहू नये म्हणून हा अडवतोय. तिनं त्याला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला हात लावला होता. सिक्स्तो बाजूला झाला, भिंतीवरचा दोर घेतला आणि तिच्या मागून निघाला.

ओहोळात गढूळ पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. केळीची पानं कधीच गेली होती. धोंड्यांखालचे पत्रे हलत होते, आणि दोनतीन तिच्या डोळ्यांदेखत सुटून वाहून गेले. दोघांनी उरलेले ओढून काठावर काढले. सिक्स्तोचा तळहात चिरला, त्यानं तो विजारीला पुसला. दक्षिणेचं आभाळ भिंत उभी राहावी तसं काळं झालं होतं. स्लॅबचं घर सिक्स्तोच्या जागेच्या पार टोकाला, टेकाडावर. पत्रे हातात धरून सिक्स्तो थांबला. कुठं न्यायचे हे तो विचारत नव्हता, आणि सांगतही नव्हता.

"खोपीत घाला," ओब्दुलिया म्हणाली.

शेवटचा पत्रा आत गेला आणि वारा आला. परत घरी जायला वेळच उरला नाही. दोघं खोपीत, पत्र्यांवर पालथी पडून राहिली. वरच्या झावळ्या फुगत होत्या, बसत होत्या, पण सुटत नव्हत्या. गुमेनं बांधलेल्या गाठी होत्या त्या, ओब्दुलियाला त्या ओळखू आल्या. तिला फार भीती वाटत होती, आणि भीतीतही ती त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिनं इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. वाऱ्यामुळे ओरडून विचारावं लागलं.

"गोठ्यावरचे पत्रे माझे होते का?"

"माहीत नाही."

"खोटं बोलू नका, कोंपाद्रे. निदान इथं तरी नको."

"खरंच माहीत नाही. मळ्यात पडले होते. उचलले, ठोकले. कड बघितली नाही. बघितली असती आणि गुमेचं अक्षर निघालं असतं, तर परत द्यावे लागले असते. माझी डुकरं भिजत होती. म्हटलं, तुमचे असतील तर तुम्ही मागायला याल. तुम्ही आला नाहीत. मग गुमेनं अंथरूण धरलं. त्यानंतर बघायची छातीच झाली नाही."

"म्हणून काल उतरवले नाहीत."

"उतरवले असते तर दिसलं असतं."

या क्षणासाठी ओब्दुलियानं मनात कितीतरी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. एकही वर आलं नाही. तिला आठवली ती आपल्या दारामागं खिळ्याला टांगलेली पक्कड. कोमाद्रेला सिक्स्तोच्या अंगणात कुणी कधी अडवलं नसतं. एक खिळा उपटायचा, कड उचलायची, बस. इतक्या वर्षांत तिनंही ते केलं नव्हतं. अक्षर निघालं असतं तर प्रश्न नव्हता. पण निघालं नसतं तर? मग गुमेला कुणी नेलं? वाऱ्यानं. आणि वाऱ्याशी काही अबोला धरता येत नाही.

"मीही बघितली नाही," ती म्हणाली. हे तिनं ओरडून सांगितलं नाही, त्यामुळे त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मग पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "वारा पडला की बघू. दोघं मिळून."

"बघू," सिक्स्तो म्हणाला.

वारा पडला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दोघं खोपीतून रांगत बाहेर आली. ओब्दुलियाच्या घराच्या भिंती उभ्या होत्या. वाहून गेलेले दोनतीन सोडले तर छप्पर खोपीत शाबूत होतं. पण ती तिकडे गेलीच नाही. ती सरळ गोठ्याकडे गेली, चिखलातून, चप्पल रुतली ती तशीच सोडून.

गोठ्याचे खांब होते. वर काही नव्हतं. वाशांवर खिळे तेवढे राहिले होते, आणि एका खिळ्याला नखाएवढा पत्र्याचा तुकडा. सिक्स्तो लगबगीनं मळ्याकडे बघायला लागला, उसाकडे, पार नदीपर्यंत. शोधतो म्हणाला, कुठंतरी पडले असतील, सापडतील.

"राहू द्या," ओब्दुलिया म्हणाली.

ती त्या रिकाम्या खांबांकडे बघत उभी राहिली. आता कुणीच कधी सांगू शकणार नव्हतं. तिच्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखं तिला झालं, आणि काय काढून घेतलं ते तिला नीट कळलं, म्हणूनच ती एका खांबाला धरून खाली बसली. गुमेच्या मातीला ती रडली नव्हती. तेव्हा तिचा सगळा जीव या गोठ्यावर खिळला होता.

"गुमे गेला, कोंपाद्रे," ती म्हणाली. नुकतीच बातमी आल्यासारखं म्हणाली, आणि रडायला लागली.

"हो, कोमाद्रे," सिक्स्तो म्हणाला. त्यानं ओली टोपी काढून हातात धरली आणि तिचं रडणं होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.