लांबच्या गाडीचा ठेका

हे सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. कोणी विचारले की विषय बदलायचो, नाहीतर हसून सोडून द्यायचो. आता टाळायचे नाही असे ठरवले आहे. आमच्या भागातली तरुण भजनी मंडळे गजराखाली लांबून येणाऱ्या गाडीचा ठेका वाजवतात आणि माझ्याकडे हात करून सांगतात, "ही बुवांची देणगी." ती माझी नाही. माझ्या पखवाजवाल्याची आहे.

तो आणि मी अंबरनाथच्या एकाच कारखान्यात होतो. राहायलाही बुवापाड्यात, एकाच चाळीत. दोघेही कोकणातले. मी पेटी घेऊन गायचो म्हणून 'बुवा' झालो. तो पखवाज वाजवायचा. सुट्टीच्या दुपारी ओट्यावर बसलो की वारा असेल तसा बदलापूरकडच्या मालगाडीचा आवाज यायचा. तो हात वर करून मला गप्प करायचा.

"ऐका बुवा. आत्ता चाकं नाहीत. नुसती घरघर आहे."

"चाकं नसतील तर गाडी चालेल कशी?"

"आहेत हो चाकं. आपल्यापर्यंत पोचली नाहीत अजून."

गाण्यात गाडी आली की सगळे धडधड वाजवतात, असे तो म्हणायचा. ती फलाटावर उभ्या असलेल्याची गाडी. घरात बसून कोणाची तरी वाट पाहणाऱ्याची गाडी वेगळी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्याने आवाज खाली बसतो. तो नेहमीपेक्षा जरा जास्त लावायचा आणि तळव्याने नुसता घुमारा काढायचा. मधल्या जागा रिकाम्या सोडायचा. मग उजव्या हाताची बोटे एकेक करून त्यात शिरायची आणि गाडी जवळ यायची. मी तेव्हा देवाची वाट पाहणाऱ्या माणसाचा एक गजर जुळवला होता. मीच त्याला म्हणालो, "हे माझ्या गजराखाली घाल." हे नीट लिहून ठेवतो. मीच म्हणालो.

माघी गणपतीला उल्हासनगरच्या एका मैदानावर आमची डबल बारी होती. समोरासमोर दोन मंडळे बसतात, आळीपाळीने गातात आणि एकमेकांच्या खोड्या काढतात. माझा गजर सुरू झाला, त्याने घुमारा धरला आणि मैदान शांत झाले. मंडपाचा खर्च उचलणारे सिंधी शेटजी पुढच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात समोरच्या बुवांनी माइक ओढला.

"बुवांनू, भजनाक इलात की ठेसनार? कर्जत फास्ट कितव्या फलाटार लागतली, ता तरी सांगा!"

हसून हसून लोक आडवे झाले. डबल बारीत अशा टोमण्याला उत्तर द्यावे लागते, तेही लगेच. देव ह्याच गाडीने येतोय, तुम्ही तिकीट काढलंत का, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. ते मला घरी गेल्यावर सुचले. त्या वेळी मी मागे वळलो, त्याच्याकडे बोट केले आणि माइकवर म्हणालो, "माफ करा मंडळी, आमच्या पखवाजवाल्याची रात्रपाळी झालीय. कणीक ओली राहिली आणि हात झोपला!"

हशा आता माझ्या बाजूने आला. त्याने डाव्या तोंडाला बोट लावून पाहिले, थोडी कणीक खरवडून काढली आणि साधा ठेका धरला. शेवटपर्यंत बिनचूक वाजवला. खाली उतरताना शेटजींनी मला अडवले. "साईं, वो गाडी काहे को रोक दी? आ रही थी ना." मी नमस्कार करून पुढे गेलो.

त्यानंतर तो मंडळात आला नाही. चिडला असेल असे मी धरून चाललो आणि लोकांना मात्र घरची अडचण सांगितली. पुढे कारखाना बंद पडला, तो मुलाकडे बदलापूरला राहायला गेला. ठेका इथेच राहिला. मैदानात ऐकणाऱ्या कोणीतरी तो उचलला, त्याच्याकडून इतरांनी घेतला. गजर माझा, म्हणून ठेकाही माझा ठरला. शाली मिळाल्या. मी घेतल्या.

शेवटी खरे बोलायचेच असे ठरवून बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात त्याच्या घरी गेलो. तो खिडकीशी बसला होता, हात अगदी बारीक झालेले. पखवाज कपाटावर, गवसणीत. वहिनींनी चहा ठेवला. मी घसा साफ करतोय तोवर तोच बोलला.

"बरं झालं आलात बुवा. त्या दिवशीचं डोक्यातून जात नाही. तुमची बारी घालवली मी."

"अरे, तू कुठे..."

"नाही नाही. कणीक ओलीच राहिली असणार. मला कळलं नाही, पण तुमचा कान पक्का. थट्टेत नेऊन सांभाळून घेतलंत. तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून आलो नाही पुन्हा. माफ करा."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच समजवा यांना. मी चपात्यांची कणीक मळतेय तरी येऊन विचारतात, ओली झाली का म्हणून!"

तिघेही हसलो. मी चहा संपवला, बिस्किट खाल्ले आणि "पुन्हा येतो" म्हणून उठलो.

पुन्हा गेलो तेव्हा दाराबाहेर खूप चपला होत्या आणि त्याला न्यायची तयारी चालली होती.

येत्या माघात मला माइक मिळणार आहे. गजराआधी ठेका कोणाचा ते मी नाव घेऊन सांगणार, आणि तेव्हाची माझी थट्टा खोटी होती हेही सांगणार. त्याचे नाव मी इथे लिहिलेले नाही, ते आधी त्याच मैदानावर घ्यायचे आहे. वहिनींना बोलावले आहे. त्या येते म्हणाल्या. मैदानाला कळेल, वहिनींना कळेल. त्याला मात्र मी त्या खिडकीशी बसून एवढेच सांगायला हवे होते: कणीक बरोबर होती. हात बरोबर होता. गाडी लांबच हवी होती आणि तू ती तशीच आणलीस. घाबरलो मी. मला माफ कर.