कटरे मॅडमचा जवसाचा डबा

स्टाफरूम एक, शुगरवाले तीन आणि ग्लुकोमीटरही एकच! मग किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. बिरसीकडच्या आमच्या शाळेत हे मशीन हेडमास्तर रहांगडाले सरांच्या टेबलावर असतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, प्रार्थनेआधी, आम्ही तिघं उपाशीपोटी बोट टोचतो आणि आकडे स्टाफरूमच्या फळ्यावर लिहितो.

माझा नंबर कधी पहिला नव्हता, पण शेवटचाही नव्हता. मग कटरे मॅडम डबा आणायला लागली.

*

कटरे मॅडम माझ्याच वयाची, माझ्याच वर्षी नोकरीला लागलेली. तिनं सकाळचे पोहे सोडले आणि घरीच नाश्त्याचं सीरियल करायला घेतलं. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया कुटायच्या, खोबऱ्याचा कीस घालायचा, पाण्यात कालवून तव्यावर पातळ थापायचं, कडक झालं की तुकडे मोडून बिनसाखरेच्या दुधात. दोन महिन्यांत तिची शुगर १८० वरून १२१ वर आली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण पोटात नुसता जळफळाट. खोटं कशाला सांगू? त्याच आठवड्यात डॉक्टर मला म्हणाले होते, गोळ्यांनी भागत नाही, तीन महिन्यांत खाली आली नाही तर इन्सुलिन. हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं.

*

मानापमान गिळून मी तिला कृती विचारली. जवस किती घेऊ, तर म्हणाली, लागेल तेवढा. मला वाटलं, मुद्दाम लपवतेय. कुडवा गावी माझ्या घरी येऊन मी मोठ्या गॅसवर करायला बसले. स्वयंपाकघर धुरानं भरलं आणि हाती आले कडू कोळसे.

नवऱ्यानं ते शेजारच्या गायीपुढं टाकले. गायीनं हुंगून तोंड फिरवलं. मी म्हटलं, ती पण खात नाही!

नवरा म्हणाला, "काऊन खाईल? तिले का शुगर हाय?"

*

रहांगडाले सरांची वीस एकर धानाची शेती. त्यांनी भात सोडल्याचं गावभर सांगितलं आणि तेही कटरे मॅडमच्या पद्धतीवर आले. महिन्याभरानं मशीननं २४० दाखवलं. सर मशीनलाच शिव्या घालायला लागले.

कटरे मॅडमनं त्यांचा डबा उघडून पाहिला. अर्धा डबा मुरमुरे! नुसत्या जवसानं पोट भरत नाही म्हणून घातले, असं सरांचं म्हणणं. सर, मुरमुरा तांदळाचाच ना, असं तिनं विचारलं.

"असं कसं, मॅडम? भात शिजवा लागते. मुरमुरा कोण शिजवते?"

मी खूप हसले. मग आठवलं, मी पण पंधरा वर्षं पोहे कधी भातात मोजलेच नव्हते.

*

आता माझं सांगते. कटरे मॅडम प्रार्थनेला पेटी वाजवते. तेवढ्या वेळात तिचा डबा टेबलावर असतो आणि मी हजेरीच्या निमित्तानं स्टाफरूममध्ये. पहिल्या दिवशी फक्त चव बघितली, ती नेमकं काय लपवते ते कळावं म्हणून. दालचिनी निघाली. मग दोन चमचे, मग चार. पोटात जागा राहावी म्हणून घरचे पोहेही बंद केले.

गंमत म्हणजे, तिचा डबा दर आठवड्याला मोठा होत गेला. छोटी डबी जाऊन टिफीन आला, टिफीन जाऊन बरणी आली. बाईची भूक वाढतेय, आता शुगरही वाढणार, म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

*

गेल्या महिन्यातला पहिला सोमवार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे माझी तपासणी होती. या वेळी सरांनीच माझं बोट टोचलं.

११९.

कटरे मॅडमची आली १२३. मी खडू घेतला आणि फळ्यावर माझा आकडा तिच्या वर, चांगला ठळक लिहिला. घाईनं सांगून टाकलं की मला कोणाच्या कृतीची गरज पडली नाही, माझं मीच जमवलं. सर खाली बघायला लागले.

कटरे मॅडमनं पिशवीतून बरणी काढली, झाकण उघडलं आणि टेबलावर दोन चमचे ठेवले.

"ये, बस इथं," ती म्हणाली. "आज पेटी सर वाजवतीन."