माफी सोडून काहीही बोला

येरवड्याच्या आमच्या चर्चची मी चिटणीस. शाळेतून रिटायर झाले आणि लगेच पाळकसाहेब घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "बाई, आता तुम्ही मोकळ्याच आहात." त्यानंतर मोकळी अशी एक संध्याकाळ मला मिळालेली नाही! कमिटीत नेमकं काय काम असतं ते विचारू नका, मलाही अजून नीट कळलेलं नाही. पण किस्से म्हणाल, तर ते घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे साठलेत. एक ओढायला जावं, तर चार बाहेर येतात.

त्यातले बरेचसे गेल्या वर्षातले आहेत आणि त्यांचं कारण एकच. रणपिसे वकील.

रणपिसे वकील आमच्याच मंडळीतले. शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस. माणूस सोन्यासारखा, फक्त समोर काहीही आलं की त्यावरून कोण कोणावर केस करू शकेल, हे त्यांना आधी दिसतं. कुठल्याशा गावात चर्चच्या फरशीवरून कोणीतरी घसरलं आणि चर्चला नोटीस आली, असा मेसेज त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आला. खरा की खोटा, देव जाणे. पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून ठेवलं आणि 'चर्च आणि कायदेशीर जोखीम' या विषयावर भाषण सुरू केलं. इकडे लोकांच्या पोटात कावळे ओरडत होते.

शेवटी महिला मंडळाच्या साळवेबाई उभ्या राहिल्या. "अहो वकीलसाहेब, पण आपल्यावर केस करणार कोण? इथे बसलेले सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत!"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, इतकी वर्षं कोर्टात उभा आहे. नातेवाईक सोडून दुसऱ्या कोणी केस केलेली मी फारशी पाहिलीच नाही!"

ठराव एकमताने मंजूर झाला. कशाचा, ते मला मिनिट्स लिहायला बसल्यावरही आठवेना.

* * *

पहिली गदा आली प्रार्थना-विनंत्यांवर.

आमच्याकडे दर रविवारी पाळकसाहेब आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना करतात. अमक्याची शुगर, तमक्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं नावानिशी. वकीलसाहेब म्हणाले, "हे बंद. माणसाचा आजार ही त्याची खाजगी बाब आहे. उद्या कोणी म्हणालं, माझी बदनामी झाली, तर?"

मग नाव न घेता प्रार्थना सुरू झाली. पाळकसाहेब बिचारे साधे माणूस. डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, एका ठिकाणी राहणाऱ्या एका बहिणीच्या एका सांध्याला बरं कर."

उपासना संपली आणि तीन बायका माझ्या अंगावर आल्या. "आमच्या गुडघ्याचं पाळकांना कोणी सांगितलं?" प्रत्येकीला वाटलं, आपलाच! ज्या साळवेबाईंनी विनंती दिली होती, त्या वेगळ्याच फुगून बसल्या. "प्रार्थना झाली ती या तिघींची. माझी झालीच नाही."

मी वकीलसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, संबंधित व्यक्तीने संमती दिली तर नाव घ्यायला हरकत नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नुसतं "एका बहिणीच्या" एवढंच म्हटलं, तर पाचव्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "माझी संमती आहे! साळवे! डावा!"

* * *

नाताळच्या नाटकात देवदूत दरवर्षी टेबलावर उभा राहतो आणि खाली बसलेल्या मेंढपाळांना शुभवार्ता सांगतो. देवदूत म्हणजे पहिली-दुसरीतली मुलगी, मेंढपाळ म्हणजे कॉलेजची पोरं, कारण दाढी त्यांनाच येते.

वकीलसाहेब म्हणाले, "टेबल नको. पडली तर आईवडील आपल्याला सोडणार नाहीत."

देवदूत जमिनीवर आला. मेंढपाळांनी तरी खाली बसायचं, पण पांढरे कपडे मळतील म्हणून त्यांच्या आयांनी त्यांना बसू दिलं नाही. मग काय! सहा फुटी मेंढपाळांच्या गराड्यातून नुसता बारीक आवाज येत होता, "भिऊ नका! भिऊ नका!" मागच्या रांगेतले लोक विचारत होते, कोण हरवलंय म्हणून.

त्याच संध्याकाळी मेणबत्त्यांऐवजी बॅटरीच्या मेणबत्त्या वाटल्या होत्या. आग लागण्याचा प्रश्नच नको. कमिटीतल्या कोणीतरी त्या रविवार पेठेतून घाऊक आणल्या होत्या, तपासून कोणी पाहिल्या नव्हत्या. दिवे बंद झाले, सगळ्यांनी एकदम बटणं दाबली आणि अख्ख्या चर्चमध्ये वाढदिवसाची ट्यून सुरू झाली! केकवरच्या मेणबत्त्या होत्या त्या. बंदही होईनात.

सगळ्यांनी घाबरून पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तसं पाहिलं तर चूक काही नाही."

* * *

प्रीतिभोजनाचं तर विचारूच नका. वर्षातून एकदा सगळे घरून काहीतरी करून आणतात आणि एकत्र जेवतात. वकीलसाहेबांनी टेबलावर पाटी लावली, 'अन्न स्वतःच्या जबाबदारीवर खावे.' त्यांच्या डोक्यात अन्नातून विषबाधा वगैरे होती. पण पाटी नेमकी उभी राहिली ती त्यांच्याच मिसेसच्या मटणाच्या पातेल्यापुढे.

बाकी सगळी भांडी चाटून पुसून साफ झाली. मटणाला कोणी हात लावला नाही. वहिनींनी पातेलं उचललं आणि घरी गेल्या.

नंतर कितीतरी दिवस रणपिसे वकील घरी स्वतःच्या जबाबदारीवर जेवत होते.

* * *

आता ओहोळकाकांचं.

ओहोळकाका म्हणजे आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने. आधी येरवड्यातच राहायचे, आता धायरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये. तरी दर रविवारी बस बदलून येणार आणि सगळ्यांच्या आधी पोचणार. संडेस्कूलमध्ये त्यांनी आम्हा निम्म्या लोकांना शिकवलंय. वय झालंय, पण एक सवय पक्की. समोर आलेलं सगळं शेवटपर्यंत वाचतात. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा.

आमच्या चर्चला पाच-सहा दगडी पायऱ्या आहेत. तिथे कोणी पडू नये म्हणून वकीलसाहेबांनी एक बोर्ड करून घेतला. माझं मत होतं, 'जपून चाला' एवढं पुरे. पण नाही! "सदर पायऱ्यांचा वापर करणाऱ्या सर्व व्यक्तींनी..." अशी सुरुवात, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खा परिच्छेद. तो बोर्ड लावला सगळ्यात वरच्या पायरीवर, दारालगत.

काका वर चढले. बोर्ड दिसला. त्यांना जवळचं दिसत नाही आणि चष्मा होता खिशात. मग त्यांनी काय करावं? वाचायला सोपं जावं म्हणून एक पाऊल मागे सरकले.

मी तिथेच उभी होते. ओरडेपर्यंत काका खाली होते.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मुलाला पहिलं वाक्य काय म्हणाले माहितीये? "शेवटची ओळ राहिली रे वाचायची."

* * *

हा किस्सा मी हसत सांगते खरी, पण त्यानंतर जे झालं त्यावर मला हसू येत नाही.

आमच्यात रीत आहे. कोणी अंथरुणाला खिळलं की मंडळी जाते. दोघं-चौघं नाही, जमतील तेवढे सगळे. गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, पायाचं सूप डब्यात घालून न्यायचं. घरात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि आजारी माणसाला तेच हवं असतं. काकांनी तर आयुष्यभर एक घर चुकवलं नव्हतं.

कमिटी बसली. वकीलसाहेब गंभीर. "बोर्ड आपला, पायरी आपली. आता कोणी धायरीला जायचं नाही. गेलात की तोंडातून 'सॉरी' निघणार. सॉरी म्हणजे कबुली. त्यांचा मुलगा आयटीत आहे, दुसऱ्या दिवशी नोटीस येईल."

"अहो, पण ते ओहोळकाका आहेत!" मी म्हटलं.

"म्हणून तर तुमच्या तोंडून लवकर निघेल," ते म्हणाले. "माफी सोडून काहीही बोला. पण जाऊ नका."

मला काही कळेना. बरोबर कोण, चूक कोण? चर्च वाचलं पाहिजे हेही खरं. पाळकसाहेब टेबलाकडे बघत बसले होते. त्यांना वरून, बिशपांकडून विचारणा होईल अशी भीती, त्यांचं तरी काय चुकलं?

शेवटी एक मेसेज पाठवायचं ठरलं. दोन तास खपून वकीलसाहेबांनी मजकूर केला आणि मी पाठवला. 'आपल्याबाबत जे काही घडले असेल अथवा नसेल, त्यातून आपण बरे व्हाल अथवा असाल, अशी सदिच्छा.'

काकांचं उत्तर आलं, "कोण बोलतंय?"

* * *

रविवारमागून रविवार गेले. काकांची जागा रिकामी. एक दिवस ओहोळकाकूंचा फोन आला. मूळच्या नगरकडच्या, आवाज नेहमी मोठा. त्या दिवशी मात्र हळू बोलत होत्या.

"बाई, कुणी आलं नाही. आमचं काय चुकलं का? हे रोज दुपारी दाढी करून बसत्यात. म्हणत्यात, आज मंडळी येईल. आता म्हणाया लागलेत, मी पडल्यामुळं चर्चचं नाव खराब झालं, म्हणून रागावली असतील."

मी "काकू, तुमची तब्येत कशी आहे?" असं काहीतरी बडबडले आणि फोन ठेवला. लाज वाटली हो. सरळ सांगते, स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

मग वकीलसाहेबांनाच फोन लावला. "मी जाणार आहे. काय करायचं ते करा."

ते म्हणाले, "वैयक्तिक जा. चर्चतर्फे नको. आणि माफीचा शब्द तोंडातून काढायचा नाही."

* * *

शनिवारी दुपारी मी सुपाचा डबा घेऊन धायरीला पोचले. लिफ्टपाशी बघते तर साळवेबाई! त्यांच्याही हातात डबा.

"तुम्ही इकडे कुठे?"

"मी आपली सहज आले होते," त्या म्हणाल्या. येरवड्याहून धायरीला सहज कोणी येतं का हो? त्या ट्रॅफिकमधून?

लिफ्ट उघडली तर आत तरुण संघाची पोरं, खालच्या पार्किंगमधून आलेली, गिटार घेऊन. "आम्ही वैयक्तिक आलोय," सगळे एकदम म्हणाले. पार्किंगच्या जिन्यावरून धापा टाकत पाळकसाहेब येत होते. साध्या शर्टात. वैयक्तिक! वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत निम्मी मंडळी जमली होती आणि कोणीच कोणाबरोबर आलं नव्हतं.

काकूंनी दार उघडलं, आमच्याकडे बघतच राहिल्या. मी घाईघाईने म्हटलं, "काकू, आम्ही सगळे वैयक्तिक आलोय."

"असू द्या, असू द्या," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "तसंच आत या."

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. गुळगुळीत दाढी. अर्ध्यावर आले होते हो वजनाने. त्यांनी एकेकाकडे बघितलं. जे बोलायला आलो होतो तेच बोलायची बंदी! साळवेबाई पंख्याबद्दल बोलल्या. कोणीतरी पाणी किती वाजता येतं ते विचारलं. मी म्हटलं, फ्लॅट हवेशीर आहे. तेवढ्यात दारापाशी कोणीतरी येऊन उभं राहिलं. रणपिसे वकील. हातात मोसंब्यांची पिशवी. आत काही आले नाहीत.

पाळकसाहेबांनी नेहमीची प्रार्थना सुरू केली. जी आम्हाला लहानपणापासून झोपेतही येते ती, प्रभूने शिकवलेली. सगळे बरोबर म्हणू लागलो. आणि मधली ती ओळ आली. तिचे दोन भाग आहेत. आमचं ज्यांनी वाईट केलं त्यांना आम्ही माफ केलं, हा पहिला. तशी तू आम्हाला माफी दे, हा दुसरा.

पाळकसाहेब थांबले. आम्ही सगळेच थांबलो. कोणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे अर्धवट उघडे आणि नजर दाराकडे.

पलंगावरून आवाज आला. काकांनी डोळे मिटूनच ओळीचा पहिला भाग म्हटला. एकट्याने, सावकाश, संडेस्कूलमध्ये म्हणायचे तसा. मग तेही थांबले.

"माझा भाग झाला," ते म्हणाले. "पुढचा तुमचा. म्हणा की."

सगळ्यात आधी आवाज आला तो दारापाशी उभ्या असलेल्या रणपिसे वकिलांचा.